मदत हवी आहे: बाल्साच्या ट्रेनर विमानाचा डावा पंख पिळला आहे आणि सीजी (तोलाचा बिंदू) मागे येतोय

आर्णीकर:

नमस्कार मंडळी. लेझर-कट बाल्सा (हलकं लाकूड) कीटमधून हाय-विंग ट्रेनर, म्हणजे रेडिओवर उडणारं, पंख वर असलेलं शिकाऊ मॉडेल विमान जुळवत आहे. ठिकाण आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ. जवळपास मॉडेलचं सामान ठेवणारं दुकान नाही, म्हणून घरात आणि बाजारात मिळेल त्यातून होणारे उपाय सांगितले तर बरं.

माहिती अशी: पंखाची लांबी १५०० मिमी, रुंदी सगळीकडे सारखी २३० मिमी, खालून सपाट. मोटर ३५३६ आकाराची १००० केव्ही (व्होल्टमागे फेरे), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक) ४० अँपिअर, बॅटरी थ्री-एस (तीन सेलची) २२०० एमएएच, मोटरचा पंखा (प्रोपेलर) १० बाय ५ इंच, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी). कीटच्या कागदावर उडतं वजन १३०० ग्रॅमपर्यंत लिहिलंय, माझं बॅटरीसकट १४८० भरलं.

अडचणी तीन.

१. वरून फिल्म (उष्णतेने आकसणारं प्लास्टिकचं आवरण) लावल्यावर डावा पंख पिळला. सपाट दारावर ठेवला तर मुळाशी दोन्ही कडा टेकतात, पण टोकाला मागची कड टेकलेली असताना पुढची कड १२ मिमी वर राहते. उजवा सरळ आहे.

२. सीजी पुढच्या कडेपासून ८२ मिमीवर येतो. कागदावर ६४ ते ६९ दिलाय. नाकात शिसं भरायचं का?

३. सोयाबीन निघालं की वावर रिकामं होईल. तिथून उडवता येईल का? चाकं ६५ मिमीची आहेत.

बाल्सापाटी:

आर्णीकर भाऊ, तिन्हीत पहिली अडचण सगळ्यात गंभीर आहे. ती दुरुस्त झाल्याशिवाय विमान वर नेऊ नका.

२३० मिमीला १२ मिमी म्हणजे टोकाला जवळपास ३ अंश जास्तीचा कोन. या कोनामुळे डावा पंख जास्त उचलतो, म्हणून वेगात विमान उजवीकडे कलेल आणि तुम्ही ट्रिमने (हातातल्या ट्रान्समीटरवरची बारीक जुळवणी) ते सरळ कराल. वेग कमी झाला की चित्र उलटतं. जास्त कोनातलं तेच डावं टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे त्याची उचल सुटते, आणि विमान डावीकडे गरकन उलटतं. हे नेमकं उतरताना, जमिनीपासून चार-पाच मीटरवर घडतं, तेव्हा सावरायला उंचीच नसते. ट्रिमने हा दोष झाकला जातो, जात नाही.

पीळ कशाने पडला ते आधी शोधा. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक तर वरची फिल्म पूर्ण ताणून झाल्यावर खालची लावली, किंवा फेविकॉल ओला असतानाच पंख पाटीवरून उचलला. दमट हवेत फेविकॉल वरून कोरडा दिसतो, पण जोडाच्या आत ओलाच असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पंख किमान एक पूर्ण रात्र टाचण्यांनी पाटीवर दाबलेला हवा.

एक सांगा, पुढच्या भागावर बाल्साचं पातळ शीटिंग फक्त वरून आहे की खालूनही?

आर्णीकर:

फक्त वरून. खालून नुसत्या रिब्ज (फासळ्या) आणि फिल्म. वरची फिल्म आधी इस्त्रीने पूर्ण ताणली होती, खालची दुसऱ्या दिवशी.

बाल्सापाटी:

मग काम सोपं आहे. वरून-खालून दोन्हीकडे शीटिंग असतं तर पुढचा भाग बंद नळीसारखा झाला असता. अशी नळी पिळातच चिकटली की फिल्म तापवून सरळ होत नाही, शीटिंग कापावं लागतं. तुमच्याकडे ते करायची गरज नाही.

दोघांनी मिळून करायचं काम आहे. एकाने मूळ घट्ट धरावं आणि टोक उलट्या दिशेला पिळावं, म्हणजे मागची कड वर. जेवढं हवं त्याच्या दुप्पट पिळा, कारण सोडल्यावर निम्मं परत येतं. दुसऱ्याने तसाच पिळलेला असताना इस्त्री किंवा हीट गन आधी वरून, मग खालून फिरवावी. फिल्मवर सुरकुत्या उठतील आणि जिरतील, त्या जिरेपर्यंत थांबा. मग उष्णता काढा, पण पीळ सोडू नका. फिल्म पूर्ण गार व्हायला मिनिटभर लागतं. गरम असताना सोडली तर मेहनत वाया.

बहुतेक फिल्म ११० अंशांच्या आसपास चिकटते आणि १५० च्या आसपास आकसते, पण बनावटीप्रमाणे फरक पडतो. उरलेला तुकडा एखाद्या बाल्साच्या चौकटीवर ताणून घरच्या इस्त्रीचं बटण कुठे ठेवायचं ते ठरवून घ्या. इस्त्रीला सुती कापड गुंडाळा. इस्त्री एका जागी थांबवू नका, फिल्मला भोक पडतं.

पंख निव्वळ सरळ करून थांबू नका. दोन्ही टोकांची मागची कड ४ ते ५ मिमी वर ठेवा, म्हणजे साधारण एक अंश. त्याने मूळ आधी स्टॉल होतं, टोकं आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) शेवटपर्यंत काम करतात. डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे, हे सगळ्यात महत्त्वाचं. मोजायला लाकडी दार नको, पावसाळ्यात तेच वाकलेलं असतं. कडप्प्याचा ओटा किंवा जाड काच घ्या. एलेरॉन मोजण्याआधी चिकटपट्टीने मधोमध पक्के करा, नाहीतर एलेरॉनची कड पंखाची कड म्हणून मोजली जाते.

धुऱ्यावरचा:

सीजीबद्दल मी लिहितो. नाकात शिसं हा शेवटचा उपाय. आधी हिशोब करू.

वजन १४८०, सीजी ८२ वरून ६६ वर आणायचा म्हणजे १६ मिमी. १४८० गुणिले १६ म्हणजे सुमारे २३,७०० ग्रॅम-मिमी पुढे न्यायचे आहेत. तुमची बॅटरी अंदाजे १८५ ग्रॅमची. ती आता पंखाखाली असेल तर १०० मिमी पुढे, फायरवॉलच्या (मोटर बसते त्या नाकातल्या पाटीच्या) मागे टेकेल तिथे सरकवा. १८,५०० वसूल झाले. उरले ५,२००.

हे ५,२०० नाकातून भरून काढायचे तर फायरवॉलवर, सीजीपासून २५० मिमी पुढे, २१ ग्रॅम शिसं लागेल. शेपटीतून काढायचे तर ती साधारण ६५० मिमी मागे आहे, फक्त ८ ग्रॅम काढले की काम झालं. म्हणून बांधताना शेपटीत इपॉक्सीचा एक थेंबही जास्त टाकू नये म्हणतात.

आता एक प्रश्न. एलिव्हेटर (शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) आणि रडरचे (डावी-उजवीकडे हलणारा भाग) पुशरॉड, म्हणजे सर्व्होपासून तिथपर्यंतच्या काड्या, कसल्या आहेत?

आर्णीकर:

कीटमधल्या तारा वाकल्या होत्या, म्हणून २ मिमीची पोलादी तार आणली. दोन तारा, प्रत्येकी ७०० मिमी. शेपटीला इपॉक्सी थोडी सढळ हाताने लावली हे खरं, पण ती आता खरवडायला गेलो तर बाल्सा निघेल.

धुऱ्यावरचा:

इपॉक्सीला हात लावू नका. तुमचं जास्तीचं वजन तारांतच सापडलं. २ मिमी पोलादी तारेचं वजन मीटरला जवळपास २५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या दोन तारा मिळून ३५ ग्रॅम, आणि त्यातलं जवळपास सगळं सीजीच्या मागे. १ मिमीची तार मीटरला ६ ग्रॅमच भरते. ती बारीक नायलॉनच्या नळीतून नेली तर नळी धरूनही दोन्ही मिळून २२ ग्रॅम तरी वाचतात. त्यांचा मध्य सीजीच्या ३०० मिमी मागे धरला तर ६,६०० ग्रॅम-मिमी झाले. उरलेल्या ५,२०० पेक्षा जास्त. शिशाची गरजच नाही, उलट वजन उतरलं.

पण १ मिमीची तार मोकळी सोडली तर ढकलताना मधेच धनुष्यासारखी वाकते. एलिव्हेटर ओढताना पूर्ण चालतो, ढकलताना अर्धाच, आणि वेगात विमान काठीला पुरतं ऐकत नाही. म्हणून नळी प्रत्येक फॉर्मरला (धडातल्या आडव्या चौकटीला) चिकटवा, आधारांत १५० मिमीपेक्षा जास्त अंतर नको.

नळी मिळाली नाही तर पतंगाची कामटी वापरा. ४ मिमी जाडीची सरळ, सुकलेली बांबूची कामटी ७०० मिमीला साधारण ६ ग्रॅम भरते. दोन्ही टोकांना १.५ मिमी तारेचे १०० मिमीचे तुकडे. तारेचं टोक काटकोनात वाकवून कामटीच्या भोकात बसवा, दोऱ्याने घट्ट गुंडाळा आणि दोऱ्यावर पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) सोडा. नुसतं चिकटवलेलं टोक हवेत सुटतं.

बॅटरी पुढे न्यायला फॉर्मरचं भोक मोठं करावं लागेल. बॅटरीचा आकार अंदाजे १०५ बाय ३५ बाय २५ मिमी असतो, पण स्वतःची मोजा. चारही बाजूंनी ६ मिमी प्लायवूड उरू द्या, खालच्या दोन कोपऱ्यांत बाल्साचे त्रिकोणी तुकडे लावा. लँडिंग गिअरचा (चाकांच्या सांगाड्याचा) धक्का तिथूनच जातो.

किलोवॅट:

मोटरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. ट्रेनरला किलोमागे १५० ते २०० वॅट पुरतात, तुमच्या वजनाला २२० ते २९० वॅट. ११.१ व्होल्टला २० ते २६ अँपिअर झाले. वॉटमीटर लावून भरलेल्या बॅटरीवर पूर्ण थ्रॉटल फक्त पाच सेकंद द्या आणि आकडा बघा. विमान दोरीने बांधलेलं हवं, पंख्याच्या रेषेत कोणी उभं नको. प्रवाह ३० अँपिअरच्या वर गेला तर पंखा लहान करा, कारण एप्रिल-मेच्या उन्हात बंद डब्यातला ईएससी त्याच्यावरच्या आकड्याइतका प्रवाह सोसत नाही. हवा आत येईल त्यापेक्षा बाहेर जायचं भोक मोठं ठेवा.

फायरवॉल सरळ बसली असेल तर मोटरला खाली २ आणि उजवीकडे २ अंश द्या. माउंटच्या (मोटरच्या बैठकीच्या) भोकांत ४० मिमी अंतर असेल तर १.५ मिमीचा वॉशर जवळपास २ अंश देतो. वॉशर माउंट आणि फायरवॉलच्या मधे. वरच्या स्क्रूंना घातले की नाक खाली, मागून बघताना डाव्या स्क्रूंना घातले की नाक उजवीकडे. हे न करता उडवलं तर थ्रॉटल वाढवताच नाक उभं होतं आणि विमान डावीकडे ओढतं.

लोडशेडिंग असेल तर बारा व्होल्टवर चालणारा बॅलन्स चार्जर ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावता येतो. इंजिन बंद ठेवून लावा. २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरवरच भरा, सावलीत, वाळू भरलेल्या घमेल्यात, आणि तिथून उठून जाऊ नका. शिल्लक राहिली तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. भरलेली लिपो (हीच लिथियम-पॉलिमर बॅटरी) उन्हातल्या गाडीत राहिली की फुगते, फुगलेली परत वापरायची नाही.

आर्णीकर:

खूप आभार. चार दिवसांत एवढं झालं: डाव्या टोकाची मागची कड ४ मिमी वर, उजव्याची ५. नळीतल्या तारा बसवल्या, बॅटरी पुढे नेली. वजन १४५५, सीजी ६५ मिमीवर. प्रवाह २४ अँपिअर. आता वावराचं सांगा.

बाल्सापाटी:

उजवा आणखी एकदा तापवून ४ करा, मग दोन दिवसांनी पुन्हा मोजा. फिल्म पहिल्या दोन-तीन उन्हांत थोडी सैल पडते आणि पीळ परत डोकावतो. गडद रंगावर लवकर. पंख बांधायचे रबर बँडही उन्हाने चिरतात. दर वेळी दहा लावा, शेवटचे दोन तिरपे.

धुऱ्यावरचा:

सोयाबीन काढल्यावर हरभरा पेरेपर्यंत जे दिवस मिळतात ते उत्तम. मात्र सोयाबीनमध्ये तुरीची तासं असतील ते वावर नको. ऑक्टोबरात तूर डोक्याएवढी असते, विमान आत पडलं तर दहा पावलांवरून दिसत नाही, आणि शोधताना शेंगा धरणारं झाड मोडतं. विमानातल्या रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला बझर लावाच, आवाजावरून सापडतं. शेजारच्या वावरात पऱ्हाटी उभी असेल तर मालकाला आधी विचारून ठेवा.

काळ्या मातीच्या ढेकळांत ६५ मिमीची चाकं चालत नाहीत. चाक अडतं, विमान नाकावर पडतं, पंखा आणि फायरवॉल दोन्ही जातात. दोन पर्याय. लँडिंग गिअर काढा, पोटाला जाड पॅकिंग टेप लावा आणि हातातून सोडा. गिअर काढलंत तर सीजी पुन्हा तपासा, ते सीजीच्या पुढे असतं. किंवा खळ्यासाठी चोपलेली जागा असेल, ५० मीटर लांब, तर चाकांवरून जा. पाणंदीवरून उडवू नका, बैलगाडी कधीही येते.

मोटरपंपाच्या तारा कुठून जातात ते आधी चालत बघून या. आकाशाच्या उजेडात त्या दिसत नाहीत. तारांपासून निदान १५० मीटर लांब उभे राहा आणि सगळं उड्डाण तारांच्या विरुद्ध बाजूला ठेवा. तारेत अडकलेलं विमान काठीने काढायचं नाही, वीज कंपनीच्या माणसाला बोलवायचं.

वेळ सकाळी सहा ते आठ. उन्हाळ्यात दहानंतर वावटळी उठतात. शिवाय ४३ अंशांत हवा १५ अंशांच्या मानाने सुमारे ९ टक्के विरळ असते, स्टॉलचा वेग चार-पाच टक्के वाढतो. तुमच्या वजनाला तो ताशी २७ वरून २८-२९ किमीवर जातो. फरक लहान वाटतो, पण उतरताना तेवढाच कमी पडतो.

नियमांचंही बघा. ग्रीन झोनमध्ये (नकाशावरचा हिरवा भाग) १२० मीटरपर्यंतच, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर तुमच्या वावराचा रंग बघून घ्या.

किलोवॅट:

पंखा काढून शेवटची तपासणी: ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबली पाहिजे. ट्रान्समीटरची काठी उजवीकडे दिली की उजवा एलेरॉन वर. हे विमानाच्या मागे उभं राहून बघा, समोरून बघताना गोंधळ होतो आणि पहिल्या उड्डाणात पुष्कळ विमानं उलट्या एलेरॉनने जातात. एलेरॉन वर १२ मिमी, खाली ७. एलिव्हेटर दोन्हीकडे १०, रडर २०. एक्स्पो (काठीचा मधला भाग मऊ करणारी सेटिंग) २५ टक्के. ट्रान्समीटरच्या रेंज मोडमध्ये (तपासणीसाठी कमी केलेल्या ताकदीवर) तीस पावलांवरून सगळे सर्व्हो न थरथरता चालले पाहिजेत. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात.

आर्णीकर:

हातातून सोडताना थ्रॉटल किती?

धुऱ्यावरचा:

तीन चतुर्थांश. फेकणारा दुसरा माणूस हवा, तुमचे दोन्ही हात ट्रान्समीटरवर. नाक वाऱ्याकडे, पंख समतल, पाच-सहा पावलं पळत भाल्यासारखं सरळ क्षितिजाकडे सोडायचं, वर नाही. वर फेकलं की वेग येण्याआधीच स्टॉल. नंतर ४० मीटर उंची होईपर्यंत वळू नका, आणि तिथे थ्रॉटल बंद करून एकदा बघा: पंख समतल ठेवून हळूहळू एलिव्हेटर ओढला तर नाक सरळ खाली पडलं पाहिजे. डावीकडे पडलं तर उतरवा आणि पंख परत कडप्प्यावर ठेवा.