लग्न न करता झालेलं मूल: पोटगी, फीची पावती आणि बालसंगोपन

कृष्णाकाठची:
नमस्कार. मी मिरजेला आईकडे राहते, गारमेंटमध्ये चेकिंगला आहे. मुलगा चार वर्षांचा. त्याचे वडील आणि मी चाकणला तीन वर्षं एकत्र राहिलो, लग्न केलं नाही. जन्मदाखल्यावर त्यांचंच नाव आहे. ते तिकडेच कंपनीत पर्मनंट आहेत, मनात आलं तर जीपेवर दोन-तीन हजार टाकतात.

परवा त्यांचा फोन आला. पोराची चौकशी नाही, काही नाही. म्हणे बालवाडीच्या फीची पावती माझ्या नावाने करून पाठव, टॅक्सला लावायचीय. फी मी भरलीय!

बालसंगोपन, म्हणजे एकच पालक असलेल्या मुलांना दरमहा पैसे देणारी सरकारी योजना, तिचा फॉर्म न्यायला गेले तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, मृत्यूदाखला नाहीतर घटस्फोटाचा कागद आणा. दोन्ही कुठून आणू? लाडकी बहीणमध्ये घरातली एकच अविवाहित चालते, ती धाकटी बहीण घेते. आणि शेजारच्या काकू म्हणतात, सरकारचे पैसे घेतलेस की त्याच्याकडे मागायचा हक्क जातो. खरं का?

जमाखर्च:
फीची वजावट ज्याने फी भरली त्याला, तीही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत फीला काहीच नाही. बालवाडीची फी चालते, पण डोनेशन, बसचे पैसे नाही. तुम्ही भरलेल्या फीची पावती त्यांच्या नावाने करून देऊ नका, तो खोटा क्लेम होईल. त्यांना हवी असेल तर पुढची फी त्यांनीच शाळेच्या खात्यात भरावी.

जुना_कारकून:
ताई, मी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो. वकील नाही, पण असे अर्ज हाताखालून पुष्कळ गेलेत.

काकूंचं डोक्यातून काढा. योजनेचे पैसे घेतले म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. पोटगी मुलाची आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणायचे, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ झालं. आई-बापाचं लग्न झालं होतं की नाही, याने मुलाच्या हक्कात फरक पडत नाही, हे त्यात सरळ लिहिलंय. तुम्हाला स्वतःला त्या कलमाखाली मिळणं अवघड, कारण तिथे ‘पत्नी’ लागते. म्हणून अर्ज मुलाच्या नावाने, तुम्ही पालक.

आता मेख. हा अर्ज कुठे करायचा? तुम्ही पत्नी नाही, त्यामुळे तो राहतो तिथे किंवा तुम्ही शेवटी एकत्र राहिलात तिथे. चाकण खेड तालुक्यात, म्हणजे राजगुरूनगरच्या कोर्टात. मिरजेहून पोराला घेऊन तारखांना कोण जाणार? त्यापेक्षा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करा. तो तुम्ही राहता तिथल्या कोर्टात चालतो, लग्नासारखं एकत्र राहणंही त्यात येतं, पैसे अडवून धरणं हाही त्यात छळच. मुलाचा खर्च तिथेही मागता येतो. फक्त एक सांगा, त्याचं आधी कुठे लग्न झालेलं नव्हतं ना? असेल तर हा रस्ता कठीण होतो.

त्याचा तो पावतीचा मेसेज पुसू नका. उद्या ‘मूल माझं नाही’ म्हणाला तर हाच कागद पुढे ठेवायचा. जीपेची नोंद, चाकणचा भाडेकरार, जन्मदाखला, सगळं झेरॉक्स करून ठेवा.

आणि उशीर करू नका. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ठरवून दिलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. आज केलेला अर्ज वर्षाने निकाली निघाला तरी आजपासूनचे पैसे. दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्याची पगाराची कागदं त्यातच बाहेर येतील. वकिलासाठी पैसे लागणार नाहीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथे फुकट वकील मिळतो. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

दोघांची_आई:
बालसंगोपन मला मिळतं. महिना २,२५०, दर मुलामागे. मी विधवा आहे, पण शासन निर्णयात एक पालक असण्याच्या कारणांमध्ये ‘अविवाहित मातृत्व’ हे शब्द आहेत. प्रिंट काढून, त्या ओळीखाली रेघ मारून न्या. खिडकीवर बोलू नका, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शेवटी निर्णय बालकल्याण समितीचा असतो, खिडकीचा नाही. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आधीच काढून ठेवा, तिथेच गाडी अडते. घरी चौकशीला येतील, तेव्हा पोरगा घरात हवा.

कृष्णाकाठची:
आधीचं लग्न नाही, खात्री आहे. पण कोर्टात गेले आणि ते मुलगाच मागायला लागले तर? आईला तीच भीती.

जुना_कारकून:
पोटगी मागितली की ही धमकी येतेच. तुम्ही हिंदू असाल तर १९५६ च्या पालकत्व कायद्यात लग्नाबाहेरच्या मुलाची पहिली पालक आई, बाप तिच्यानंतर. ताबा मागायला त्याला वेगळा अर्ज करावा लागेल, आणि तिथे कोर्ट मुलाचं हित बघतं. इतके दिवस खर्च कोण करतंय हे तिथेही विचारलं जाणारच. फीच्या पावत्या तुमच्या नावाच्याच राहू द्या.

कृष्णाकाठची:
सोमवारी सुट्टी टाकलीय. आधी विधी सेवा, मग तहसील.

दोघांची_आई:
तहसील आधी करा. तिथे दुपारनंतर टोकन संपतं.