मदत हवी आहे: एफएमएफचा अ‍ॅटॅक, दुखण्यावर कोणती गोळी?

तापीकाठ: मुलाला एफएमएफ आहे (पुन्हा पुन्हा ताप आणि पोटदुखीचे अ‍ॅटॅक आणणारा आनुवंशिक आजार), अ‍ॅटॅक टाळायला कोल्चिसिन रोज चालू. सकाळपासून पोट दुखतंय, ताप १०३. मेडिकलवाला आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी देतोय. देऊ का? लवकर सांगा.

औषधवाला_धुळे: वय? वजन? लघवीत प्रोटीन जातं का? आणखी काही चालू आहे का?

तापीकाठ: मुलगा, ११ वर्षं, ३० किलो. लघवी नॉर्मल होती.

भुसावळकर: ती गोळी नकोच. तिच्यात आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ असतं, ३० किलोला एका वेळी ३०० च्या वर नाही. नुसतं आयबुप्रोफेन सिरप द्या, खाऊन झाल्यावर. पॅरासिटामॉलने ताप उतरेल, पोटाच्या आवरणाची सूज नाही.

केळीबाग: निमेसुलाइड द्या, ताप झटकन उतरतो.

औषधवाला_धुळे: १२ वर्षांखाली निमेसुलाइड २०११ पासून बंद आहे! आणि भुसावळकर, एवढ्या उन्हात अंगातलं पाणी आटलं असेल तर आयबुप्रोफेन किडनीवर येतं. एफएमएफमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन साचून किडनीच जाऊ शकते, तिलाच जपायचं. आधी पॅरासिटामॉल, किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे ४५०. '५ मिलीत २५०' लिहिलेल्या सिरपचे ९ मिली. सहा-सहा तासांनी, दिवसात चारदाच.

भुसावळकर: लघवी नॉर्मल आहे ना? मग एक-दोन दिवसांच्या आयबुप्रोफेनने काय बिघडतं?

सातपुडा_पायथा: नंदुरबारकडचे असाल तर सिकल सेल (तिकडे आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासा. त्यातही असंच दुखतं.

तापीकाठ: जीन तपासणी झालीय, एमईएफव्ही (एफएमएफचा जीन) मध्येच दोष आहे. गोळीचं सांगा ना! घशासाठी परवापासून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू आहे, कालपासून जुलाब, ते वेगळं.

औषधवाला_धुळे: वेगळं नाही, भाऊ! क्लॅरिथ्रोमायसिनमुळे कोल्चिसिन अंगातून बाहेर पडत नाही, साचत जातं. जुलाब ही त्याची पहिली खूण असू शकते, पुढे स्नायू आणि रक्तपेशींवर येतं. दोन्हींचा पुढचा डोस थांबवा आणि आत्ता दवाखान्यात न्या. दोन्ही पाकिटं सोबत घ्या, शेवटचा डोस कधी दिला तेही सांगा. घशासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन चालेल का, विचारा.

भुसावळकर: जुलाब असतील तर आयबुप्रोफेन मीही नको म्हणतो. पोट नेहमीपेक्षा वेगळं दुखतंय का? उजवीकडे खाली एकाच जागी असेल तर अपेंडिक्स बघायला सांगा.

तापीकाठ: नेहमीसारखंच, सगळीकडे. निघतोय. कोल्चिसिन कायमचं बंद?

औषधवाला_धुळे: नाही. ते बंद पडलं की अ‍ॅटॅक वाढतात. परत कधी आणि किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. वाटेत ओआरएस घोट-घोट पाजा.