कमी तेलात चव कशी राखायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, महिनाभर झाला, घरात तेल कमी करायचं ठरवलंय. आधी बाटलीतून अंदाजाने ओतायचे, आता चमच्याने मोजते. एका मोठ्या चमच्यात साधारण १४ ग्रॅम तेल, म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी! मोजल्यावर डोळे उघडले. आधी चौघांच्या भाजीला मी सहज चार चमचे घालत होते.

आता एका चमच्यावर आणलंय, पण कांदा काही जमत नाही. तळाला चिकटतो, कडा करपतात आणि मधे कच्चाच. थोडं थोडं पाणी शिंपडून, झाकण ठेवून पाहिलं. शिजतो, पण उकडल्यासारखा लागतो, तो खमंगपणा येत नाही. वांग्याचं तर विचारूच नका, स्पंजासारखं सगळं तेल पिऊन टाकतं आणि पुन्हा कोरडंच. आधी वाफवून मग परतलं तर फरक पडतो का?

मसाल्यांचा सुगंध तेलातच नीट उतरतो, त्यामुळे तेल पूर्ण बंद करायचं नाहीये. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायलाही थोडी चरबी लागतेच. (हे घरच्यांना पटवून झालंय, ते लगेच तळणाची आठवण काढतात!)

जाड बुडाचं भांडं घेऊ की नॉनस्टिक? आणि रस्सा दाट करायला साय-खोबऱ्याऐवजी तुम्ही काय वापरता? शिजवलेली डाळ घोटून घातली, ती बरी लागली, पण रोज तेच नको वाटतं.