‘लाभार्थी’ऐवजी काय लिहावं?

रानजाई
गरोदर बायकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. केंद्राच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, अंगणवाडीतला आहार, तपासण्या असं सगळं त्यात आहे. मी सगळीकडे ‘लाभार्थी माता’ लिहिलं. पत्रक तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी प्रत्येक ठिकाणी ते खोडलं. त्यांच्या मते हा शब्द वाचला की बाईला वाटतं, आपल्याला कुणीतरी उपकार म्हणून देतंय. ‘हक्कदार माता’ कसं वाटतं? कोर्टाच्या नोटिशीसारखं नाही ना वाटत?

अमरकोशी
शब्दाचा काही दोष नाही. अर्थी म्हणजे इच्छिणारा. विद्यार्थी, परीक्षार्थी, मोक्षार्थी. यातला कोण लाचार आहे? आणि हक्क अरबी, दार फारसी. आपला शब्द टाकून हा कशाला?

पांथस्थ
विद्यार्थी शब्दात लाचारी नाही, कारण शिकणं त्याचं त्याच्याकडे असतं. इथे देणारा दुसराच आहे आणि यादीही त्याच्याच हातात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात, चौथ्या कलमात, मातृत्व लाभ किमान ६,००० रुपये असा शब्द आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,०००. दवाखान्यात बाळंत झाल्यावर जननी सुरक्षा योजनेचे पैसे मिळतात, ते धरले की सरासरी सहा हजार भरतात, असा सरकारचा हिशेब. पण घरीच बाळंत झालेल्या बाईला जननी सुरक्षेचे मिळतीलच असं नाही, आणि दवाखाना लांब असलेल्या पाड्यांवर तीच तर जास्त अशक्त. ‘लाभार्थी’ मिळेल ते घेते. ‘हक्कदार’ उरलेल्या हजाराचं विचारू शकते. फारसी असो की अरबी, मला हाच शब्द हवा.

कृष्णाकाठ
आमच्याकडे कालव्याचं पाणी मिळतं तो शेतकरी ‘लाभधारक’ आणि त्याची जमीन ‘लाभक्षेत्र’. ऊसवाला धारक आणि बाळंतीण अर्थी! हा भेद मला फार खटकतो.

अमरकोशी
मग ‘अधिकारी’ घ्या. संतांच्या भाषेत ज्ञानाचा अधिकारी म्हणजे त्याला पात्र असलेला. नेमका हाच अर्थ आहे.

पांथस्थ
तो अर्थ आता पोथीत राहिला. ‘अधिकारी माता’ वाचून बाईला वाटेल, तपासणीला कुणी मॅडम येणार आहेत.

रानजाई
मग ‘हक्कदार’ ठेवू का? की प्रत्येक वेळी ‘ज्यांचा हक्क आहे त्या माता’ असं फोडून लिहू? जागा कमी आहे.

कोरडवाहू
माझी आई अंगणवाडी सेविका होती. रजिस्टरात ‘लाभार्थी’ लिहायची, पण तोंडात कायम ‘माझ्या बाया’, ‘माझी पोरं’. वजन घटलेल्या पोराच्या घरी ती दुपारी पुन्हा जायची. आणि माझी आजी ७२च्या दुष्काळात खडी फोडायला होती. कामावर सुकडी मिळायची. पण तिला कुणी लाभार्थी म्हटलं नाही, ती मजूर होती. पुढे १९७७ साली कायदा झाला तोही ‘रोजगार हमी’चा. हमी! केवढा ताठ शब्द आहे. आहारालासुद्धा तसाच शब्द का मिळू नये?

कृष्णाकाठ
सुकडी! किती वर्षांनी हा शब्द वाचला. गुजरातीतल्या सुखडीवरून आला ना?

अमरकोशी
कशाला गुजरातीत जायचं? सुकं खाणं म्हणून सुकडी. सुकट, सुकणे, सुका मेवा, सगळं एकाच घरातलं.

कृष्णाकाठ
सुखडी गूळ-तुपाची असते, तिच्यात सुकं काय आहे? पदार्थ गोड, नाव जवळजवळ तेच, आणि तुम्ही सुकटाकडे चाललात.

कोरडवाहू
आजीची सुकडी म्हणजे गोडसर भरड पीठ. तूप कुठलं आलंय! घरच्या लहानग्यांसाठी ती पदरात बांधून आणायची, म्हणजे कोरडी होती हे नक्की. मी अमरकोशींच्या बाजूने.

रानजाई
पत्रक सोमवारी छापायला जातंय हो. ‘हक्कदार’वर कुणाची ठाम हरकत?

पांथस्थ
माझी नाही. पण आमच्या भागात ‘सुगडी’ म्हणत. संक्रांतीच्या सुगडाशी काही नातं असेल?

अमरकोशी
मुळीच नाही. सुगड ‘सुघट’वरून आलं, ते मडकं. इथे फक्त क चा ग झालाय.