९१ किलोमीटरचा कोलायडर: डार्क मॅटरच्या नावावर किती पैसे मागणार?

सातपूरकर: परवा कॉलेज रोडला एका व्याख्यानात वक्ते छातीठोकपणे म्हणाले, सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या प्रस्तावित ९१ किलोमीटर परिघाच्या कोलायडरमध्ये, म्हणजे कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात, डार्क मॅटर (विश्वातला न दिसणारा, गुरुत्वाकर्षणातूनच जाणवणारा पदार्थ) सापडेल. पहिल्या टप्प्याचाच खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक! सर्नच्या सध्याच्या २७ किलोमीटरच्या एलएचसी या कोलायडरला २०१२ मध्ये हिग्ज हा कण सापडला, मान्य. पण डार्क मॅटर नाही, नेहमीच्या तीन दिशांपलीकडच्या जादा मिती नाहीत. मग कशाच्या भरवशावर?

गोदाकाठचा_मास्तर: सापडलं नाही म्हणजे काहीच कळलं नाही, असं थोडंच आहे? डार्क मॅटर कण टिपणाऱ्या डिटेक्टरला दिसणारच नाही. म्हणून हिशोब आदळणाऱ्या प्रोटॉनांच्या मार्गाला आडव्या दिशेच्या संवेगाचा मांडतात. टकरीआधी तो जवळपास शून्य, तेव्हा नंतरही बेरीज शून्यच यायला हवी. एका बाजूला कणांचा जोरदार झोत आणि समोर शुकशुकाट, म्हणजे कुणीतरी गुपचूप निसटलं. १९९८ मध्ये आर्कानी-हमेद, दिमोपूलोस आणि द्वाली यांनी मांडलेल्या जादा मितींत ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा कल्पित कण, पळाला तरी खूण हीच! एलएचसीवरचे ॲटलास आणि सीएमएस हे डिटेक्टर, दोघांनीही अशा घटना मोजल्या. नेहमीच्या सिद्धांतापेक्षा जास्त काही निघालं नाही, आणि बरीच मॉडेल्स बाद झाली.

सातपूरकर: बाद कुठली! कणाचं वस्तुमान वाढवलं की मॉडेल परत उभं. आमच्या एमआयडीसीत जॉब रिजेक्ट झाला तर ड्रॉइंगमधला टॉलरन्स (मापातली सूट) वाढवून पास करत नाहीत हो.

निफाडहून: आपण २०१७ पासून सर्नचे सहयोगी सदस्य आहोत. म्हणजे पैसे आपलेही.

देवळाली_कॅम्प: मास्तर, एक राहिलं. झेड बोसॉन नावाच्या कणाचे दोन न्यूट्रिनो (तेही डिटेक्टरला न दिसणारे कण) झाले तरी अगदी तसाच शुकशुकाट दिसतो, आणि अशा घटनाच सगळ्यात जास्त. बरं, उद्या जास्तीचं काही दिसलंच, तरी तो कण डिटेक्टरबाहेर पडेपर्यंत टिकला एवढंच सिद्ध होईल. अब्जावधी वर्षं टिकणारा डार्क मॅटर तोच का, हे सांगायला विश्वातला डार्क मॅटर थेट टिपू पाहणाऱ्या जमिनीखालच्या झेनॉनच्या टाक्यांसारखा वेगळा पुरावा लागेल. वक्त्यांनी जरा जास्तच ताणलं.
तरी मी नव्या यंत्राच्या बाजूने. हिग्जपैकी दहा टक्क्यांच्या आसपास न दिसणाऱ्या कणांत विरत असतील, तर आज ते नाकारता येत नाही. नव्या यंत्राच्या पहिल्या टप्प्यातल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) टकरीत सुरुवातीची ऊर्जा नेमकी ठाऊक असते, म्हणून तिथे हा आकडा खूपच खाली आणता येईल.

सातपूरकर: मग हिग्जच्या नावाने मागा पैसे, ऐकून घेऊ. प्रोटॉनच्या टकरींचा पुढचा टप्पा तर २०७० च्या आसपास. तोवर माझी नात रिटायरमेंटला येईल.