ताबोचे आजोबा लामा
मठात आत फोटो काढू देत नाहीत म्हणून हिरमोड झाला असं तुम्ही लिहिलंय, ते समजू शकतो, पण हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या ताबोच्या बौद्ध मठात मला तो नियम अगदी पटला. ९९६ साली स्थापन झालेला मठ, भिंती मातीच्या, त्यावर शेकडो वर्षं जुनी चित्रं, जपायलाच हवीत ना! तिथे एक खूप वयस्कर लामा भेटले, मी धर्माबद्दल विचारलं तर ते मोडक्यातोडक्या हिंदीत १९७५ च्या भूकंपाबद्दलच सांगत बसले, किती पडझड झाली, मग नवीन बांधकाम, मग १९८३ ला दलाई लामा कालचक्र या बौद्ध दीक्षाविधीसाठी आले, आणि हातातली माळ सुरूच. फार प्रेमळ माणूस. परत गेलात तर सकाळच्या प्रार्थनेनंतर थांबा, तेव्हा निवांत बोलतात, आणि टॉर्च न्या, आत खूप अंधार असतो.