मदत हवी आहे – किडनी ट्रान्सप्लांटनंतर मुलाचे खेळ
नमस्कार, आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, मुलगा ११ वर्षांचा, ट्रान्सप्लांटला ८ महिने झाले, किडनी माझीच. डॉक्टर म्हणतात चालू दे, सायकल चालवू दे, फक्त कबड्डी-कराटे नको कारण नवीन किडनी खाली पोटात पुढच्या बाजूला असते, धक्का लागायला नको. पण आमच्या सासूबाई त्याला सोफ्यावरून उठू देत नाहीत 😅 स्टेरॉईडने गाल फुगलेत, वजन वाढलंय, सोसायटीतली पोरं चिडवतात म्हणून तोही खाली जात नाही. रोज उपवनला फेरी मारतो तेवढीच. कोणाच्या मुलाने असं झाल्यावर बॅडमिंटन, पोहणं सुरू केलंय का? किती महिन्यांनी? शाळेत पीटीच्या सरांना नेमकं काय सांगितलंत?